हे अक्षर कोणाचे?

निकम सूचना फलकासमोर उभे होते आणि हलत नव्हते.

शनिवारची सकाळ. नऊ वाजून गेले होते. वाचनालयात दोन-तीन पेन्शनर पेपर चाळत बसले होते. निकमांच्या हातात नेहमीची कापडी पिशवी होती. फलकावर त्या आठवड्यात एकच नवा कागद होता, तोही मीच लावलेला. एका पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स. माणूस एवढा वेळ काय वाचतोय म्हणून मी चष्म्यावरून बघितलं. मग ते काउंटरवर आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तो कागद काढा. ते अक्षर आमच्या घरातलं आहे."

मला आनंद झाला. ते मी लपवत नाही. चार दिवसांनी का होईना, चोर सापडला असं मला वाटलं.

कोरेगावच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी बाई, एवढंच लोकांना माहीत असतं. खरं काम पुस्तक परत आलं की सुरू होतं. आलेलं पुस्तक मी पान अन् पान उलटून बघायचे. कुठं चहाचा डाग, कुठं दुमडलेला कोपरा, कुठं हळदीचं बोट. आणि कुठं पेन्सिल. डाग मी माफ करायचे. पेन्सिल नाही. पुस्तकात पेन्सिल चालवणारा माणूस मला डोळ्यांसमोर नको वाटायचा.

त्यासाठी माझी एक पद्धत होती. ज्या पानावर लिहिलंय त्याची झेरॉक्स काढायची. वर लाल पेनने लिहायचं, 'हे अक्षर कोणाचे?' खाली सही ठोकायची आणि फलकावर लावायचं. शिवाय त्याचा फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दोन दिवसांत कुणीतरी ओळखायचंच. मग तो माणूस कान पकडत यायचा, बाकीचे हसायचे आणि पुढचे सहा महिने पुस्तकं स्वच्छ यायची. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, या पद्धतीचं चारचौघांत कौतुक करायचे. मलाही तिचा अभिमान होता.

ते पुस्तक भाषांतरित होतं. नाव सांगत नाही, कारण चूक पुस्तकाची नव्हती. अमेरिकेत आमिश म्हणून लोक आहेत, त्यांच्यात घडलेली ती खुनाची कादंबरी. त्या पुस्तकातले लोक वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, शेती करतात. बायका डोकं झाकून असतात. आणि आपसातलं काही बाहेर जाऊ देत नाहीत, पोलिसांकडे तर नाहीच. एका शेतकऱ्याची बायको तबेल्यात मेलेली सापडते आणि गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, आपलं आपल्यात मिटवू.

मारहाणीची वर्णनं मात्र अशी की वाचवत नव्हती. पुस्तक आल्यावर महिन्याभरात आमचा ग्रुप पेटला. एक निवृत्त सुभेदार लिहायचे, "मी बॉर्डरला ड्युटी केली, पण पान साठच्या पुढं गेलो न्हाई. दोन टाइम जेवन गेलं न्हाई." भिशी मंडळाच्या एक बाई चिडल्या, "घरात लेकीबाळी आहेत. असलं पुस्तक कपाटात ठेवताच कसं?" ब्यूटी पार्लरवाल्या सोनालीने लिहिलं, "लय भारी. एका बैठकीत संपवलं. दुसरा भाग हाय का?" त्यावर आणखी वीस जणांचे वाद. पुस्तक काढून टाका म्हणणारे जेवढे, तेवढेच आधी मला द्या म्हणणारे. मागणी इतकी, की पुस्तक काउंटरवर आलं की दुसरा हात पुढं असायचा. त्या घाईत आठ जणांच्या हातून ते फिरलं आणि माझ्याकडून तपासायचं राहिलं.

मंगळवारी ते एकदाचं निवांत हातात आलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी एक कागद चिकटवायचे, वाचकांच्या अभिप्रायासाठी. तिथं शाईने लिहायला परवानगी होती. तिथं देशमाने सरांचं मोत्यासारखं अक्षर होतं. सर हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी लिहिलं होतं, 'हिंसेचे वर्णन अतिरंजित व अनावश्यक. सुसंस्कृत घरांतून असे घडत नाही.' आणि त्याच्या खाली पेन्सिलने, बारीक, एकच शब्द. 'घडतं.'

माझं डोकं सटकलं. मी पुस्तक उघडलं. पान एकसष्टवर समासभर पेन्सिल. एवढं मला पुरे होतं. मी पुढं उलटलंच नाही. दत्तूमामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, झेरॉक्सला पिटाळलं. लाल पेनने नेहमीचं वाक्य लिहिलं, त्याखाली आणखी एक ओळ वाढवली, 'लेखकाला शिकवायचे असेल तर स्वतःच्या वहीत शिकवावे', सही केली आणि लावलं. पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप घातलं. बाकीची पानं सवडीने बघू म्हटलं.

चार दिवस सगळं गाव ते पान वाचत होतं. "चोखंदळ वाचक दिसतोय," देशमाने सर म्हणाले. सोनालीने हसणारी तोंडं टाकली. सुभेदार म्हणाले, "लेखकाची उलटतपासणी घेतलीया कुनीतरी." मीही हसले.

आता निकमांचं सांगते. तालुक्याच्या एका ऑफिसात नोकरीला. इस्त्रीचे कपडे, बोलणं मऊ. कधी पुस्तकाला एक दिवस उशीर नाही. सभासदत्व त्यांच्या नावावर, पण वाचणारी त्यांची बायको, मंगल. माहेर जत तालुक्यातलं. त्या शनिवारच्या दोन वर्षं आधी लग्न होऊन आली तेव्हा स्वतः यायची. बारीक अंगाची, बोलायची कमी. बाकावर बसून मी पुस्तकं तपासताना बघत राहायची. एकदा तिने विचारलं होतं, "बाई, सगळी पानं बघता?" मी ऐटीत म्हटलं, "सगळी. प्रकाशकाच्या जाहिरातीची यादी असते ना शेवटी, जी कुणी वाचत नाही, तीसुद्धा."

मग ती यायची बंद झाली. दर शनिवारी निकमच यायला लागले. पिशवीत जुनी पुस्तकं आणि नव्या नावांची चिठ्ठी, तिच्या अक्षरातली. त्या चिठ्ठ्या मी ड्रॉवरमध्ये ठेवायचे. बायकोसाठी पुस्तकं वाहणारा नवरा म्हणून मी त्यांचं नाव घेऊन इतर बायकांना ऐकवायचे. बघा, याला म्हणतात हौस.

तर त्या शनिवारी काउंटरवर आमचं बोलणं झालं ते असं.

"घरातलं म्हणजे? मंगलचं?"

"हो. तिला सवय आहे उगाच काहीबाही लिहायची. मी समज देतो."

"द्याच समज," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

"ते पुस्तक द्या बाई. मी नवी प्रत आणून देतो. हे घेऊन जातो."

"तसं होत नाही निकमसाहेब. नवी प्रत हातात आली की जुनी बाद होते. तोवर ती माझ्या ताब्यात."

हा नियम खरा आहे. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला एक नंबर असतो. त्याला दाखल क्रमांक म्हणतात आणि तो एका मोठ्या रजिस्टरात चढवलेला असतो. पुस्तक फाटो, भिजो, उंदराने खावो, रजिस्टरातून ते रीतसर काढेपर्यंत ते वाचनालयाचंच. या बाबतीत मी भल्याभल्यांना दाद दिली नव्हती.

"बाई, द्या ना. काय होतंय?"

"नाही."

"कुठंय ते?"

"कुलपात."

त्यांनी काउंटरवरून वाकून ड्रॉवरकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. दोन वर्षांत तो चेहरा मी हसण्याशिवाय बघितला नव्हता, म्हणून मला तो एकदम परक्याचा वाटला. "साताऱ्याहून आणतो नवं," ते म्हणाले. "दुपारी येतो. तयार ठेवा." फलकावरचा कागद त्यांनी स्वतःच ओढून काढला. टाचण्या खाली पडल्या. कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि गेले.

दत्तूमामा टाचण्या वेचायला वाकले होते. दारातून बाहेर बघत ते म्हणाले, "बाई, सातारला चाललो म्हनाले न्हवं?"

"हो."

"गाडी तर स्टेशनकडं वळली. घराकडं."

"विसरलं असेल काहीतरी," मी म्हणाले. पण हात ड्रॉवरच्या कुलपाकडे गेला होता. पेन्सिलने खराब झालेल्या पुस्तकासाठी माणूस एवढा का अडून बसेल, हे मला कळेना.

मी पान एकसष्ट काढलं. चार दिवस मी ते पान फलकावर येता-जाता बघत होते. त्या पानावर तो शेतकरी बायकोला तबेल्यात कोंडतो आणि घोड्याच्या सामानातल्या चामडी पट्ट्याने मारतो. किंकाळ्या, रक्त, सगळं तपशिलात. समासात लिहिलं होतं, 'किंकाळी नसते. शेजारी ऐकतात. तोंडात पदर धरावा लागतो.' खाली, 'एवढं रक्त येत नाही. निळं पडतं. आठ दिवसांनी पिवळं.' आणि तळाशी, 'लेखकाने हे बघितलेलं नाही.'

हे लेखकाला शिकवणं नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याने ते लिहिलं होतं. आणि मी त्याच्या खाली लाल पेनने टोमणा मारून गावाला वाचायला लावलं होतं.

मी पुढची पानं उलटली. पान चौऱ्याण्णववर वडीलधारी मंडळी त्या बाईला गुडघ्यावर बसवून नवऱ्याला क्षमा करायला लावतात. समासात लिहिलं होतं, 'इथं पाया पडायला लावतात.' पान एकशे चाळीसवर, 'टीव्हीचा आवाज वाढवला की समजायचं.' मग शेवटपर्यंत कोरं. गोष्ट संपली. त्यामागे प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी, बारीक टायपात, पानाला नंबरही नाही. यादीच्या खाली चार ओळी होत्या.

'बाई, तुम्ही यादीपण बघता म्हणाला होता. माझ्याकडे फोन नसतो. मला बाहेर जाऊ देत नाहीत. माझा भाऊ बिरू जतला असतो, त्याला कळवा.' खाली नंबर. पाया पडते वगैरे काही नाही. पत्ता लिहितात तेवढं कोरडं.

हे पुस्तक तिच्या हातून जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यातले शेवटचे चार दिवस ते माझ्याच ड्रॉवरमध्ये, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांवर पडलं होतं.

आधी मी अप्पांना फोन लावला. तीस वर्षांची सवय. काहीही झालं की अध्यक्षांना कळवायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, आपलं वाचनालय आहे. नवरा-बायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?"

"अप्पा, तो आत्ता घरी गेलाय. तो कागद खिशात घेऊन."

"चांगल्या घरचा माणूस आहे. मी ओळखतो. सोमवारी मीटिंगला बोलावू, समोर बसवून समजावू. आपलं आपल्यात."

"अप्पा, ते पुस्तक तुम्ही वाचलंय का?"

"नाही बुवा. मला असलं रक्तबंबाळ सोसत नाही."

मी फोन ठेवला. अध्यक्षांचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवायची ती पहिलीच वेळ.

मग बिरूला लावला. मागे इंजिनाचा आवाज होता. मी कोण, कुठून बोलते, पुस्तकात काय सापडलं ते सांगितलं. मध्येच इंजिन बंद झालं.

"बाई, मी टँकरवर हाय. वस्तीवर पानी सोडायला आलोय," तो म्हणाला. "तीन म्हैनं झालं, तिचा आवाज न्हाई आमाला. कवा बी फोन केला तर दाजी म्हनत्यात, आंघोळीला गेलीया, झोपलीया. मला यायला पाच तास लागत्याल. तवर काय करू मी? तुमी जाता का? आवं बाई, तुमी जावा."

"जाते," मी म्हणाले. कुठल्या तोंडाने म्हणाले, माहीत नाही. मी काही धीराची बाई नाही. घरात पाल दिसली तरी मी खोली बदलते.

नुसतं जाऊन काय सांगायचं? तेव्हा मला पडताळणी आठवली. वर्षातून एकदा वाचनालयातली सगळी पुस्तकं मोजतात, कुणाकडे काय आहे ते दारोदार जाऊन बघतात, सही घेतात. त्याला पडताळणी म्हणतात. ती मार्चअखेर असते आणि तो काही मार्च नव्हता. पण नियम मला माहीत होते, निकमांना नव्हते. मी दाखल रजिस्टर उचललं. चांगलं चार बोटं जाड, पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं. ते वाचनालयाबाहेर न्यायला मनाई, आणि ती मनाईही मीच लावून धरलेली. दत्तूमामांनी वाचनालयाला कुलूप घातलं. पेन्शनर बिचारे पेपर हातात घेऊनच बाहेर आले.

मामांच्या जुन्या स्कूटीवर मागे बसून मी पोलिसांच्या ११२ नंबरला फोन केला. तिकडची मुलगी नीट बोलली. तिने पत्ता घेतला, गाडी पाठवते म्हणाली, आणि म्हणाली, तुम्ही एकट्या आत जाऊ नका. मी बरं म्हटलं.

नव्या प्लॉटिंगमधलं ते शेवटचं घर. मागे ऊस. निकमांची गाडी दारातच होती. आत टीव्ही इतका मोठा लावला होता की रस्त्यावर शब्द न् शब्द ऐकू येत होता. कसलं तरी भांडी घासायच्या पावडरचं गाणं. बाजूच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती.

"टीव्ही लय मोठा लावलाय," मामा तिला म्हणाले.

"लावत्यात अधनंमधनं," ती म्हणाली. आमच्याकडे बघितलं, परात उचलली आणि आत गेली.

मी कडी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मामांनी दारावर थापा मारल्या. मग टीव्हीचा आवाज कमी न होताच दार वीतभर उघडलं. निकम होते. बाह्या वर दुमडलेल्या, हात ओले.

"काय बाई?"

"पडताळणी आहे. तुमच्या नावावर दोन पुस्तकं निघतात. ती बघायची आहेत."

"सोमवारी आणून देतो."

"यादी आज बंद करायची आहे. आणि खाडाखोडीचा खुलासा लागतो. ज्याने केली त्याच्या सहीचा."

"सही मी करतो. सभासद मी आहे."

"तुम्ही आहात. पण अक्षर तुमचं नाही ना. मंगलला बोलवा."

असा काही नियम नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा नियमाबद्दल खोटं बोलत होते आणि आवाज फाटेल की काय असं वाटत होतं.

"ती झोपलीय. बरं नाही तिला."

"एवढ्या आवाजात?"

दत्तूमामा शांतपणे पायरीवर बसले. "साहेब, पानी मिळंल का तांब्याभर? ऊन लय हाय," म्हणाले. बसले ते असे की उठवल्याशिवाय उठणार नाहीत. निकमांनी मामांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दार लोटलं.

मी दाखल रजिस्टर फटीत घातलं. विचार करून नाही. हात आपोआप पुढे झाला. पुठ्ठा करकरला. दार अडलं. पलीकडून ते जोर लावत होते, अलीकडून मी दोन्ही हातांनी रजिस्टर धरलं होतं. आमच्या तोंडांत जेमतेम हातभर अंतर होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, हा आता माझा हात मोडणार.

आणि मी ओरडले. माझ्या वाचनालयात मी तीस वर्षं 'शांतता राखा'ची पाटी लावली होती. मी जीव काढून ओरडले, "मंगल, मागची यादी वाचली मी. यादी वाचली."

निकमांना त्याचा अर्थ कळला नाही. ते एक क्षण गोंधळले. आत कुठंतरी दारावर हाताने मारल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा, जोरात. टीव्हीच्या आवाजातूनही तो आला.

दत्तूमामा उठले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांना पट्टे. त्यांनी खांदा लावला तसं दार उघडलं आणि मी रजिस्टरासकट आत पडले. निकमांनी मामांची कॉलर धरली. मामा त्यांना अंगाने भिंतीशी दाबून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुमी जावा बाई, आत जावा."

मोरीच्या दाराला बाहेरून कडी होती. मी काढली. मंगल खाली बसली होती. उजवं मनगट सुजून नुसतं गोळा झालं होतं आणि ते तिने डाव्या हाताने छातीशी धरलं होतं. लिहायचा हात तो. समोर फरशीवर माझी झेरॉक्स पडली होती, भिजलेली. लाल शाई उतरून सगळीकडे पसरली होती. रक्त फारसं नव्हतं. पदराचं टोक मात्र ओलं होतं आणि चावून चावून त्याच्या दशा निघाल्या होत्या.

तिने लिहिलं होतं ते खरं होतं. शब्द न् शब्द.

पोलिसांची गाडी थोड्याच वेळात आली, तोवर मामांनी निकमांना सोडलं नाही. तो वेळ मी मोरीच्या दारात रजिस्टर मांडीवर घेऊन बसून काढला. मंगल फक्त टीव्ही बंद करा म्हणाली.

दवाखाना, जबाब, पंचनामा यात दुपार गेली. पंचनामा म्हणजे जागेवर काय दिसलं ते साक्षीदारांसमोर लिहून घेणं. पोलिसांनी पुस्तक मागितलं, तेव्हा मी त्यांच्याकडून पोचपावती लिहून घेतली. जित्याची खोड म्हणा. अप्पांचा फोन आला, त्यांना मी म्हटलं, मीटिंगची गरज नाही.

बिरू साडेचारला आला. पाण्याचा रिकामा टँकर घेऊनच. गाडी शोधत बसायला त्याला वेळ कुठला? धुळीने माखलेला, अंगात मळका शर्ट. बहिणीच्या प्लास्टरकडे त्याने बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "चल आक्का. आईनं भाकरी थापल्यात."

त्याने तिला हात देऊन टँकरच्या केबिनमध्ये चढवलं. मी खाली उभी होते. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मंगल, मला उशीर झाला. माफ कर."

तिने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जे झालं ते सांगावं तसं ती म्हणाली, "बाई, मी तुमच्यासाठी लिवलं हुतं. तुमी गावाला दावलं."

टँकर गेला. दत्तूमामा म्हणाले, "चला बाई." मी तिथंच उभी होते.

केस चालू आहे. निकम जामिनावर आहेत. दोन तारखांना मी साक्षीदार म्हणून जाऊन आले. मंगल जतला असते. मनगट जरा वाकडं जुळलं, पण लिहिते. पुस्तक अजून पोलिसांच्या ताब्यात आहे. दाखल रजिस्टरात त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी तसं लिहून ठेवलंय. रजिस्टराची पाठ उसवली, ती बांधून घेतली.

मध्यंतरी देशमाने सर आले. बराच वेळ कपाटाशी घुटमळले. मग काउंटरवर येऊन हळूच म्हणाले, "बाई, त्या पुस्तकातला माझा अभिप्राय मला खोडायचाय."

"सर, ते पान आता कोर्टात जाणार," मी म्हटलं. ते मान खाली घालून गेले. त्यांना काय म्हणू? मी तर तिच्या अक्षराखाली टोमणा मारून सही केली होती.

निवृत्त होताना नव्या ग्रंथपाल मुलीला मी चार्ज दिला. किल्ल्या, शिक्के, रजिस्टर. तिने माझ्याबद्दल ऐकलं असणार. विचारलं, "मॅडम, पुस्तकात पेन्सिल सापडली तर फलकावर लावायचं ना?"

मी ड्रॉवरमधला खोडरबर काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, "खोड. पण आधी शेवटच्या यादीपर्यंत वाच."